येकातेरिनबुर्गला (रशिया) कारखान्यात नोकरी आलीय. तिथलं रोजचं जगणं कसं असतं?

इंद्रायणीकाठ

नमस्कार मंडळी. मी मोशीचा. भोसरी एमआयडीसीत सीएनसी मशीनच्या देखभालीचं काम करतो. वय ३४, मेकॅनिकल डिप्लोमा. रशियात येकातेरिनबुर्ग नावाच्या शहरातल्या एका यंत्र कारखान्याची ऑफर आलीय. महिना १ लाख ६० हजार रूबल, राहायला कंपनीची खोली, करार एक वर्षाचा. मधे पुण्यातला एक एजंट आहे. काहीही विचारलं की तो "नो टेन्शन" म्हणतो, आणि तेच ऐकून मला जास्त टेन्शन येतं.

घरी आई, बायको आणि पाच वर्षांची मुलगी. आम्ही माळकरी. मांस, मच्छी, अंडं, दारू घरात येत नाही. आईचा एकच प्रश्न आहे, तिकडे पोराला लढाईवर धाडतील का? तशा बातम्या तिने पाहिल्यात. बायको विचारते, पगारातले हातात किती पडणार आणि आम्हाला कधी नेणार. मला स्वतःला बाकीचं जाणून घ्यायचंय. माणसं हसत नाहीत, तुटक वागतात म्हणे, ते खरं का? सावळ्या माणसाला त्रास होतो का? इंग्रजीवर भागेल का? दारू पीत नाही म्हटल्यावर लोक लांब ठेवतील का? आणि थंडीचं काय?

यूट्यूबवर एक तर सगळं गोड गोड दाखवतात, नाहीतर सगळं काळंकुट्ट. तिथे राहिलेल्या कुणी सांगितलं तर फार उपकार होतील.

कृष्णाकाठची

इंद्रायणीकाठ, तुमच्या आईंचा प्रश्न पहिला घेते. तो सुटल्याशिवाय थंडी आणि जेवणाबद्दल बोलण्यात अर्थ नाही.

माझी ओळख आधी. मी सांगलीची. पुण्यात रशियन शिकले आणि मग बरीच वर्षं येकातेरिनबुर्गलाच होते, भारतातून यंत्रं मागवणाऱ्या एका कंपनीत दुभाषी म्हणून. कारखान्यांत रोजचं जाणं-येणं. गेल्या वर्षी परत आले. खालच्या मजल्यावरच्या आजींशी अजून बोलणं होतं.

परदेशी कामगाराला रशियात सक्तीने सैन्यात भरती करत नाहीत. सक्तीची लष्करी सेवा नागरिकांना असते. पण बातम्या खोट्या नाहीत. मदतनीस, सुरक्षारक्षक असं काम सांगून आपल्याकडची मुलं नेली, रशियन भाषेतल्या करारावर सह्या घेतल्या आणि तो करार सैन्याचा निघाला. काही मुलं त्यात मारली गेली. २०२४ च्या जुलैमध्ये पंतप्रधानांनी मॉस्कोत हा विषय काढला होता आणि आपल्या परराष्ट्र खात्याने त्यानंतरही सावधगिरीच्या सूचना दिल्या आहेत. म्हणून तुमचं सगळं कागदावर ठरलं पाहिजे. कंपनीचा आयएनएन, म्हणजे करदाता क्रमांक, मागा. तो १० अंकी असतो आणि रशियन कर खात्याच्या संकेतस्थळावर फुकट तपासता येतो. कंपनी कधीची, संचालक कोण, धंदा कशाचा, सगळं दिसतं. व्हिसा नोकरीचाच हवा, रशियातून आलेल्या निमंत्रणावर काढलेला. "टुरिस्टवर जाऊ, तिथे बदलून घेऊ" असं कुणी म्हटलं तर तिथेच थांबा. आणि ज्या कागदावर 'मिनिस्तेर्स्त्वो अबारोनी', म्हणजे संरक्षण मंत्रालय, हे शब्द असतील त्यावर सही करायची नाही. कितीही पैसे दाखवले तरी. रस्त्यांवर, बसथांब्यांवर सैन्यभरतीच्या जाहिराती आहेत आणि त्यावरचे आकडे मोठे आहेत. उराल, म्हणजे येकातेरिनबुर्गचा तो सगळा भाग, आघाडीपासून लांब असला तरी घरोघरी कुणाचा तरी मुलगा, जावई तिकडे आहे. या विषयावर आपण होऊन बोलू नका, फेसबुकवर काही लिहूही नका. सैन्याची बदनामी हा मार्च २०२२ पासून तिथे कायद्याने गुन्हा आहे. पहिल्यांदा दंड होतो, पुन्हा झालं तर तुरुंग.

आता पगार. १ लाख ६० हजार हा आकडा करापूर्वीचा असणार, विचारून घ्या. रशियन माणसाला त्या पगारावर १३ टक्के कर बसतो. तुम्ही नवे गेलात की करापुरते 'अनिवासी' धरले जाता आणि दर ३० टक्के. म्हणजे हातात १ लाख १२ हजार. देशात १८३ दिवस झाले की दर १३ वर येतो, मग १ लाख ३९ हजारांच्या आसपास पडतात. त्या वर्षी जास्त कापलेली रक्कम हिशेबात धरतात, पण त्यासाठी तुमचे १८३ दिवस त्याच कॅलेंडर वर्षात भरलेले लागतात. ऑक्टोबरात गेलात तर ते भरणार नाहीत. शक्य असेल तर वर्षाच्या सुरुवातीला जा. हे एजंट सांगणार नाही.

पगार महिन्यातून दोनदा येतो, कायद्यानेच. आधी 'आवान्स', मग उरलेला. आठवडा ४० तासांचा. वर्षाला २८ दिवसांची भरपगारी रजा, शिवाय जानेवारीच्या १ ते ८ तारखेपर्यंत देश बंद. त्या आठवड्यात कुठलंही सरकारी काम होत नाही, कागदांच्या मुदती मोजताना ते लक्षात ठेवा.

घरी पैसे पाठवणं अवघड झालंय. मोठ्या रशियन बँका स्विफ्टमधून, म्हणजे देशोदेशीच्या बँकांना जोडणाऱ्या यंत्रणेतून, बाहेर काढल्या आहेत. व्हिसा, मास्टरकार्ड मार्च २०२२ पासून चालत नाहीत, म्हणजे तुमचं भारतातलं कार्ड तिथे निव्वळ प्लास्टिक. पहिला पगार होईपर्यंतची रोकड सोबत हवी. देशाच्या आत मात्र सगळं फोन नंबरवर चालतं, आपल्या यूपीआयसारखंच. भाजीवाली आजीसुद्धा नंबर सांगते. कंपनीला विचारा, पगार कुठल्या बँकेत आणि तुमच्याआधीचे भारतीय कामगार पैसे कसे पाठवतात. त्या कामगारांपैकी एकाशी बोलायला मिळालं तर शंभर एजंटांपेक्षा बरं.

माणसांबद्दल मात्र मला सावकाश लिहायचंय, कारण तिथेच बाहेरच्यांचा सगळ्यात जास्त गैरसमज होतो.

अनोळखी माणसाकडे बघून ते हसत नाहीत, खरं आहे. दुकानातली बाई गंभीर चेहऱ्याने दूध देते, बसवाला गंभीर, इमारतीत शिरताना शेजारी गंभीर. त्यात तुमच्याविषयी राग नसतो. हसू ओळखीच्या माणसासाठी असतं आणि ओळख व्हायला वेळ लागतो. मी उरालमाश भागात राहायचे. अवजड यंत्रांचा तो कारखाना १९३३ ला सुरू झाला आणि त्याच्याभोवती कामगारांसाठी वसाहत उभी राहिली. माझं घर तिथल्या एका पाच मजली इमारतीत, बिनलिफ्टच्या. खालच्या आजींनी कित्येक महिने माझ्याकडे मान वर करून पाहिलं नव्हतं. मग हिवाळ्यात मला ताप भरला, कामावर गेले नाही. संध्याकाळी दार वाजलं. बाहेर आजी, हातात रासबेरीच्या मुरंब्याची बरणी. "तुझ्या पावलांचा आवाज आला नाही आज," म्हणाल्या. आत आल्या, खिडकी उघडून हवा खेळवली, चहा केला, त्यात मुरंबा घातला आणि मी झोपेपर्यंत स्वयंपाकघरात बसून राहिल्या. त्या दिवसानंतर मी त्यांची झाले. सप्टेंबरात त्यांच्या दाचावर बटाटे काढायला मला गृहीत धरलेलं असायचं, विचारायचीही पद्धत नाही.

दाचा म्हणजे शहराबाहेरची जमीन आणि छोटंसं घर. सोव्हिएत काळात कामगारांना सहा सोत्का मिळायची, म्हणजे आपले जवळजवळ सहा गुंठे. पेन्शनवर आजी जगतात कशा, हा प्रश्न मला इथे सगळे विचारतात. त्याचं उत्तर त्या सहा गुंठ्यांत आणि डोक्यावरच्या छपरात आहे. १९९१ च्या कायद्याने राहतं सरकारी घर लोकांच्या नावावर फुकट झालं. आजींना भाडं नाही, हप्ता नाही. बटाटे, गाजरं, बीट, काकडीचं लोणचं, कोबी, सगळं तळघरात. त्यांच्या नातवाला मात्र घर विकत घ्यायचंय. २०२४ च्या ऑक्टोबरात मध्यवर्ती बँकेचा दर २१ टक्क्यांवर गेला होता, तेव्हा त्याने कर्जाचा विचारच सोडला. एकाच घरात दोन पिढ्यांचं नशीब इतकं वेगळं.

कारखान्यात वयाने मोठ्या माणसाला नुसत्या नावाने हाक मारू नका. नाव आणि वडिलांचं नाव जोडून म्हणायचं. बाईंचं नाव इरिना आणि वडील प्योत्र असतील तर इरिना पेत्रोव्हना. आपल्या पासपोर्टवर वडिलांचं नाव मधे असतं हे पाहिलं की त्यांना एकदम आपलं वाटतं. आणखी एक. वर डोक्यावरून फिरणाऱ्या क्रेनवर बहुतेक बाई बसलेली दिसेल. मुख्य हिशेबनीसही बाईच. मॉस्कोच्या मेट्रोत बायकांना गाडी चालवायला २०२१ मध्ये पुन्हा परवानगी मिळाली, पण कारखान्यातली क्रेन त्या कित्येक पिढ्या चालवताहेत. तिने खाली उभं राहू नको म्हणून ओरडलं तर लगेच बाजूला व्हा.

सावळ्या माणसाला त्रास होतो का? होतो, लपवत नाही. घरभाड्याच्या जाहिरातीत "फक्त स्लाव लोकांसाठी" असं उघड लिहिलेलं असतं. मेट्रोत पोलीस मध्य आशियातले कामगार समजून आपल्याला थांबवतात. मार्च २०२४ मध्ये मॉस्कोजवळच्या क्रोकस सभागृहावर हल्ला झाला, तेव्हापासून तपासणी वाढलीय. पासपोर्ट, मायग्रेशन कार्ड (देशात शिरताना मिळतं ते) आणि पत्त्याच्या नोंदणीची पावती कायम जवळ ठेवा. पोचल्यापासून कामाच्या ७ दिवसांत नोंदणी व्हायला हवी. ते काम तुम्हाला जागा देणाऱ्याचं असतं, पण मागे लागायचं तुम्ही. राज कपूर, मिथुन यांची नावं काढून आजीलोक प्रेमाने बोलतात, गाणी म्हणून दाखवतात. तो जिव्हाळा खरा आहे. त्याने घर भाड्याने मिळत नाही, एवढंच.

इंग्रजीवर कारखान्यात भागणार नाही. बोटं दाखवून पाने-पक्कड मिळेल, पण बिघाड कुठे आहे ते बोटाने सांगता येत नाही. शिवाय कामाच्या साध्या परवान्यासाठी रशियन भाषा, इतिहास आणि कायदा यांची परीक्षा द्यावी लागते. आजपासून ३३ अक्षरं गिरवायला घ्या.

जेवणाचं नंतर लिहिते. इतर जाणकार आहेतच.

डॉक्टर_लातूर

ताईंनी बरंच सांगितलं. मी एमबीबीएस समकक्ष पदवी कझानला केली, आता लातूरला आहे. थंडी आणि तब्येत एवढंच लिहितो.

येकातेरिनबुर्गमधे जानेवारीत उणे १२-१३ हे रोजचं समजा. मधेच काही दिवस उणे ३० कडे जातं. त्यात माणूस जगतो, कारण घरं उबदार असतात. रोजचं सरासरी तापमान सलग पाच दिवस ८ अंशांच्या खाली राहिलं की शहराचं हीटिंग सुरू होतं आणि मग ते वसंतापर्यंत चालूच. जुन्या इमारतीत ते कमी करायची सोय नाही. बाहेर उणे २५ आणि आत लोक बनियनवर बसून खिडकीची छोटी झडप उघडतात. त्यामुळे एकच जाडजूड स्वेटर घेऊ नका. पातळ थर घ्या, काढता-घालता येतील असे. बूट आणि जॅकेट तिथेच घ्या, पुण्यात मिळणारं 'स्नो जॅकेट' तिथल्या ऑक्टोबरपुरतं आहे.

माझ्या अनुभवात थंडीपेक्षा घसरण वाईट. मार्चमध्ये दिवसा वितळतं, रात्री पुन्हा गोठतं, आणि मनगटं मोडतात. छपरावरचे बर्फाचे सुळे पडतात म्हणून फूटपाथला पट्टी बांधलेली असते, तिच्या आतून जायचं नाही. दुसरं म्हणजे अंधार. डिसेंबरात उजेड सात तासांच्या आसपास, आणि तोही कारखान्यात निघून जातो. ड जीवनसत्त्व जाण्याआधी तपासून घ्या, शाकाहारी आहात म्हणून बी-१२ सुद्धा.

दवाखाना. तुम्हाला तिथल्या सरकारी विम्याचं कार्ड लगेच मिळणार नाही, कंपनीने खासगी पॉलिसी काढली पाहिजे. त्यात काय काय बसतं ते करारात पाहा. जीवावर बेतलं तर १०३ वर रुग्णवाहिका परदेशी माणसालाही फुकट येते. पॉलीक्लिनिकमधे गेलात की रांग दिसणार नाही, लोक इकडेतिकडे बसलेले असतील. दारात उभं राहून "क्तो पस्लेद्नी?" विचारायचं, शेवटचा कोण. जो हात वर करेल त्याच्यामागे तुम्ही. पुढचा कुणी आला की तुम्ही हात वर करायचा. हे न विचारता आत घुसलात तर सगळ्या आज्या एकदम बोलतील.

आणि पोचल्यापासून ३० दिवसांत वैद्यकीय तपासणी आणि बोटांचे ठसे द्यावे लागतात. ती मुदत चुकवू नका दादा.

जुना_लुमुम्बावाला

मी ऐंशीच्या दशकात मॉस्कोला लुमुम्बा विद्यापीठात होतो आणि पुढे कामानिमित्त नव्वदीतही जात राहिलो. माणसं तुटक का, यावर थोडं.

२ जानेवारी १९९२ ला भाव मोकळे सोडले. आयुष्यभर बचत खात्यात साठवलेले पैसे वर्षभरात मातीमोल झाले. ज्या प्राध्यापकांनी आम्हाला शिकवलं त्यांतले एक मेट्रोच्या जिन्यात पुस्तकं विकताना मी पाहिले. कारखाने महिनोन् महिने पगार देत नसत, कधी पगाराऐवजी कारखान्यातला मालच देत. जरा सावरतंय तोवर १७ ऑगस्ट १९९८ ला सरकारने कर्जं बुडवली आणि रूबल पुन्हा कोसळला. ज्या माणसाचं घर दोनदा असं धुऊन निघालं तो कुठल्याही कार्यालयावर, बँकेवर, घोषणेवर विश्वास टाकत नाही. तो टाकतो मित्रावर, बहिणीवर, खालच्या मजल्यावरच्या शेजारणीवर. कृष्णाकाठचींनी सांगितलेल्या आजींनी हे सगळं चाळिशी-पन्नाशीत सोसलेलं असणार.

तरुणांना हे आठवत नाही. ते आपल्या पोरांसारखेच आहेत, फोनमधे डोकं घालून. पण घरातल्या मोठ्यांची ती सवय त्यांच्यातही उतरलीय.

इंद्रायणीकाठ

ताई, डॉक्टर, काका, तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. आईला वाचून दाखवलं. रासबेरीच्या मुरंब्याचं ऐकून ती जरा निवांत झाली.

एजंटकडे आयएनएन मागितला. आधी टाळाटाळ केली, मग दिला. तपासला, कंपनी खरी आहे आणि जुनी आहे. पण आता तो म्हणतो, कोट्याचा प्रॉब्लेम आहे, आत्ता बिझनेस व्हिसावर जा, दोन महिन्यांत कंपनी वर्क परमिट करून देईल. बाकीची चार पोरं तयार आहेत म्हणतो. काय करू?

आणि जेवणाचं राहिलं. मुलीचंही.

कृष्णाकाठची

नाही म्हणा. बिझनेस व्हिसावर कारखान्यात काम करता येत नाही. पकडले गेलात तर दंड, हकालपट्टी आणि पुढची काही वर्षं प्रवेशबंदी, आणि हे सगळं तुमच्या नावावर. एजंट पुण्यातच असेल. शिवाय माणूस बेकायदा अडकला की त्याला कुठल्याही कागदावर सही करायला लावणं सोपं होतं. आधी सांगितलेल्या मुलांपैकी किती जण असेच अडकले ते आठवा. बाकीची चार पोरं तयार आहेत, याने तुमचा कागद पक्का होत नाही. जमलं तर त्यांनाही हा धागा दाखवा.

कंपनी खरी आहे ना, मग तिच्या कर्मचारी विभागाला सरळ लिहा. मी मसुदा करून देते, रशियनमधे. विचारायचं एवढंच, तुम्ही या माणसाला या पदासाठी निमंत्रण काढणार आहात का, आणि कधी. कामाचा परवाना त्या प्रांतापुरता आणि त्या कामापुरता असतो, तेव्हा पद नेमकं काय लिहिलंय तेही महत्त्वाचं. देखभालीच्या माणसाला 'मजूर' म्हणून आणलं तर पगारही तसाच लावतील. उराल भागात कुशल कामगारांची खरोखर वानवा आहे, कारखाने माणसं शोधत असतात. तुमच्या हातात कला आहे. घाई त्यांना असू दे.

जेवण. माळकरी माणूस तिथे उपाशी राहत नाही, पण दुसऱ्याच्या हातचं खाताना विचारावं लागतं. सूप बीटाचं असलं तरी खाली मांसाचा रस्सा असतो. "मांस नको" म्हटलं की कोंबडी वाढतात, म्हणून कोंबडी, मासा, अंडं, सॉसेज अशी एकेक नावं घेऊन नाही म्हणायचं. सगळ्यात सोपी युक्ती म्हणजे 'पोस्त' शब्द पाठ करा. ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोकांचे उपास असतात. ईस्टरच्या आधीचा सगळ्यात मोठा, सहा-सात आठवड्यांचा. त्या दिवसांत हॉटेलांत, कँटीनमधे 'पोस्नोये' पदार्थांची वेगळी यादी लागते. त्यात मांस नाही, अंडं नाही, दूधसुद्धा नाही. मासा मात्र काही दिवशी चालतो, तेवढं विचारा. "मी बारा महिने पोस्त धरतो, देवाचं आहे" असं सांगितलंत की जुनी माणसं मान डोलावतात, पुढे कुणी आग्रह करत नाही. दारूलाही हेच उत्तर. पहिल्याच दिवशी स्पष्ट "न्ये प्यू" म्हणायचं. आज थोडी घेतली आणि उद्या नाही, असं केलं की मग आग्रह होतो. ग्लासात फळांचं सरबत घेऊन सगळ्यांबरोबर उभं राहा. दारू पूर्वीपेक्षा बरीच कमी झालीय, दुकानातही रात्री ११ ते सकाळी ८ विकत नाहीत. गटात मान मिळतो तो वेळेवर येण्याने आणि बिघाड सापडवण्याने.

घरी रांधायला कणीक, मसूर, काबुली चणे, तांदूळ, बटाटा, कोबी सगळं मिळतं. मध्य आशियातल्या व्यापाऱ्यांच्या बाजारात जिरं, हळद, मिरची, कोथिंबीर. बकव्हीट, ज्याला ते ग्रेच्का म्हणतात, त्याची मी खिचडी करायचे, हिंग-जिऱ्याची फोडणी देऊन. 'त्व्होरोग' आपल्या पनीर-चक्क्याच्या मधलं काहीतरी, पोटभरीला उत्तम. हिंग, गोडा मसाला, कढीपत्त्याची पूड आणि छोटा कुकर इथून न्या. कुणाच्या घरी गेलात तर बूट दारात काढा, ते आपल्याला शिकवावं लागत नाही. फुलं नेणार असाल तर विषम संख्येत. सम संख्येची फुलं मयताला नेतात.

आईंशी बोलण्याचं आधीच ठरवून ठेवा. २०२५ च्या ऑगस्टपासून व्हॉट्सॲप आणि टेलिग्रामवरच्या कॉलवर निर्बंध आहेत आणि अधूनमधून मोबाइल इंटरनेटही बंद करतात. तिथे असलेल्या भारतीयांना सध्या काय चालतं ते विचारून आईंच्या फोनवर निघण्याआधीच सुरू करून द्या. एखाद्या दिवशी फोन लागला नाही तरी घाबरायचं नाही, हेही सांगून ठेवा. वेळेचं मात्र सुख आहे. आपण त्यांच्यापेक्षा फक्त अर्धा तास पुढे. तुमची पाळी सुटेल तेव्हा इथे हरिपाठाची वेळ असेल.

मुलीचं जरा अवघड आहे आणि त्यावर नीट विचार करा. तुमच्या पगारावर तुम्ही 'उच्चकुशल तज्ज्ञ' या गटात बसत नाही, त्याला तिमाहीला साडेसात लाख रूबल लागतात. त्या गटाला कुटुंबाचा व्हिसा सोबत मिळतो. साध्या परवान्यावर तो आपोआप मिळत नाही, कंपनीला वेगळं विचारावं लागेल. त्यात १ एप्रिल २०२५ पासून नियम आलाय की परदेशी मुलाला शाळेत घेण्याआधी रशियन भाषेची चाचणी घेतात. नापास झालं तर शाळा नाही. बालवाडीला ती अट नाही. तिथे मुलं सातव्या वर्षाच्या आसपास पहिलीत जातात, म्हणजे मुलीच्या हातात अजून दोनेक वर्षं आहेत. मला विचाराल तर पहिलं वर्ष तुम्ही एकट्याने काढा, लोक आणि कारखाना पारखा. नेण्यासारखं वाटलं तर तिला बालवाडीच्या वयातच न्या. पाच-सहा वर्षांचं मूल अंगणात खेळता खेळता भाषा उचलतं. आठव्या वर्षी परीक्षेला बसवून ती येत नाही. तोवर इथे बापलेकीने मिळून अक्षरं गिरवा.

करार आला की रशियन प्रतच मागा, इंग्रजी भाषांतरावर विसंबू नका. नाव, पत्ता, पासपोर्ट क्रमांक झाकून मला खासगी निरोपात पाठवा. ओळ न् ओळ वाचून मराठीत लिहून देते, आणि ते होईपर्यंत एजंटला एक रुपयाही देऊ नका.